मताला दलाल नको

मागच्या निवडणुकीच्या आधी माझ्याकडे बीएलओचे काम होते. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी असे भारदस्त नाव आहे, पण काम दारोदार फिरण्याचे. शाळा सुटली की फॉर्मांचा गठ्ठा पिशवीत टाकायचा आणि गल्ली गल्ली फिरायचे. कोण वारले, कोण लग्न होऊन गेली, कोण अठराचा झाला, कुणाचे नाव चुकले, हे लिहून आणायचे. त्या महिन्याभरात मी तीन वाक्ये ऐकली. तिन्ही डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा लेख.

पहिले वाक्य आमच्या शिक्षकखोलीतले. चहा पिता पिता एक सहकारी म्हणाले, "मॅडम, ज्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नाही त्यांनी देश कोण चालवणार हे ठरवायचे? मताला निदान दहावीची अट पाहिजे." दोघातिघांनी माना डोलावल्या.

दुसरे वाक्य मोहल्ल्यातल्या एका पुढाऱ्याचे. मी यादी घेऊन फिरते आहे हे कळल्यावर ते शाळेच्या फाटकाशी आले. "टीचर, आप कायको तकलीफ लेते? यादी मेरे पास दे दो. इस गल्ली के चारसौ वोट अपने हाथ में है."

तिसरे वाक्य एका खालाचे. वय साठीच्या पुढचे. नाव विचारले तर म्हणाली, "लिखो ना, रफीक की अम्मा. सब ऐसेच बुलाते."

तीन माणसे, तीन ठिकाणे. पण नीट पाहिले तर तिघांचे म्हणणे एकच. मत हे त्या त्या माणसाचे स्वतःचे नाही. सहकाऱ्यांच्या मते ते शिकलेल्यांनी सांभाळावे, पुढाऱ्याच्या मते ते त्याच्या हातात असावे, आणि खालाच्या मते ते रफीकच्या नावाला चिकटलेले असावे. मतदार आणि खासदार यांच्यामध्ये एक मधला माणूस हवाच, असे तिघेही धरून चालले आहेत. या मधल्या माणसाला या देशाच्या संसदेच्या दारातून बाहेर काढायला नव्वद वर्षे लागली, हे आपल्याला शाळेत कुणी धड शिकवले नाही. मी स्वतः शिक्षिका असून सांगते.

सुरुवात १८६१ पासून करू. त्या वर्षीच्या कायद्याने व्हाइसरॉयच्या कौन्सिलात पहिल्यांदा बिगरसरकारी हिंदी माणसे बसली. निवडून? छे, नेमून. पहिल्या नेमणुकांत पतियाळाचे महाराज, बनारसचे राजे आणि ग्वाल्हेरचे दिवाण राहिलेले आपले सर दिनकरराव होते. रयतेला कुणी विचारले नाही. १८९२ च्या कायद्याने एक पाऊल पुढे पडले. नगरपालिका, विद्यापीठे, व्यापाऱ्यांची मंडळे यांनी नावे सुचवायची आणि सरकारने नेमायचे. 'निवडणूक' हा शब्द कायद्यात येऊ दिला नव्हता. मुंबई कौन्सिलातल्या बिगरसरकारी सदस्यांनी आपल्यातला एक जण कलकत्त्याला पाठवायचा, अशी रीत पडली. गोपाळ कृष्ण गोखले असेच गेले. गोखल्यांची अंदाजपत्रकावरची भाषणे मोठी होती यात शंका नाही, पण त्यांना तिथे पाठवणारे लोक एका खोलीत मावतील इतके होते.

मग आला १९०९ चा कायदा, आणि आपला म्हणजे मुसलमानांचा विषय सुरू झाला. १ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखानांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय मिंटोंना भेटले. मुसलमानांना वेगळे मतदारसंघ द्या, मुसलमान प्रतिनिधी मुसलमानांनीच निवडावा, ही मागणी होती. १९०९ मध्ये ती मिळाली. आपल्यातले काही लोक आजही त्या काळाची आठवण उसासा टाकून काढतात. त्यांना मी एकच प्रश्न विचारते. त्या वेगळ्या मतदारसंघात मत होते कुणाला? जमीनदाराला, प्राप्तिकर भरणाऱ्याला, पदवीधराला, सरकारी किताब असलेल्याला. विणकराला नव्हते, कसायाला नव्हते, बागवानाला नव्हते, त्यांच्या बायकांना तर नव्हतेच. नवाबसाहेबांनी खानबहादुरांना निवडायचे आणि त्याला 'कौमची आवाज' म्हणायचे, असा तो कारभार होता. शिवाय त्या केंद्रीय कौन्सिलात निवडून आलेले सदस्य होते अवघे २७. त्यांतलेही बरेच प्रांतिक कौन्सिलांच्या सदस्यांनी पाठवलेले. म्हणजे मधल्या माणसाच्या मागे आणखी एक मधला माणूस.

केंद्रीय विधिमंडळासाठी सर्वसाधारण थेट मतदान पहिल्यांदा झाले ते १९२० साली, १९१९ च्या कायद्याखाली. ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या होती चोवीस कोटींच्या घरात आणि केंद्रीय असेंब्लीचे मतदार होते सुमारे नऊ लाख. चौदा वर्षांनी, १९३४ च्या निवडणुकीतही ते चौदा लाखांच्या आसपासच होते. थेट खरे, पण ते कुणासाठी?

त्या कायद्याच्या आधी मताधिकाराची चौकशी करायला साउथबरो समिती आली होती. तिच्यापुढे जानेवारी १९१९ मध्ये एका तरुण प्राध्यापकाने साक्ष दिली. नाव भीमराव आंबेडकर. पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी सरळ प्रौढ मतदानाचीच मागणी केली. शिक्षणाची अट घालणाऱ्यांना त्यांनी तेव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे. निरक्षर माणूस निर्बुद्ध असतो असे समजणे ही एक चूक, आणि साक्षर माणूस आपोआप शहाणा असतो असे समजणे ही दुसरी चूक, असा त्यांचा युक्तिवाद होता. आमच्या शिक्षकखोलीतला वाद त्यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी संपवला आहे. आम्ही तो पुन्हा उकरून काढतो, कारण आम्हाला पदवी मिळाली आणि पदवीला मान कमी पडतो असे वाटते. ज्यांना पिढ्यानपिढ्या शाळेच्या दाराबाहेर ठेवले, त्यांना पुन्हा 'तुम्ही शिकला नाहीत' म्हणून मतपेटीच्या बाहेर ठेवायचे, याला न्याय कसे म्हणायचे?

इंग्रजांना मात्र हे पटले नाही. १९३२ मध्ये लोथियन समितीने प्रौढ मतदान सध्या व्यवहार्य नाही असे ठरवले. १९३५ च्या कायद्यात तर गाडी उलटी फिरली. संघराज्याच्या खालच्या सभागृहासाठी थेट निवडणूकच काढून टाकली. ब्रिटिश हिंदुस्थानचे २५० प्रतिनिधी प्रांतिक असेंब्लींच्या सदस्यांनी निवडायचे आणि संस्थानांचे १२५ राजेरजवाड्यांनी नेमायचे. कारण काय, तर मतदारसंघ फार मोठे होतील. संघराज्याचा तो भाग कधी अमलात आलाच नाही, हे आपले नशीब.

१९४६ च्या प्रांतिक निवडणुका याच कायद्याखाली झाल्या. प्रौढांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला मत होते. मुस्लिम लीगने त्या निवडणुकीत मुस्लिम जागा मोठ्या प्रमाणावर जिंकल्या आणि 'मुसलमानांनी पाकिस्तानला कौल दिला' असे जगाला सांगितले गेले. आजही आम्हाला तोच टोमणा ऐकावा लागतो. पण कुठल्या मुसलमानांनी? विणकरांची मोमीन कॉन्फरन्स लीगच्या आणि द्विराष्ट्रवादाच्या विरोधात होती. तिच्या मागे जो गरीब समाज होता त्यातल्या बहुतेकांना मतच नव्हते. वेगळ्या मतदारसंघाने आपल्याला काय दिले याचा हिशेब कुणी मांडला, तर हा आकडा पहिल्या ओळीत लिहावा. ज्यांना विचारले नाही त्यांच्या नावावर निकाल लावला गेला, आणि त्याची किंमत आजवर त्यांच्याच नातवंडांकडून वसूल केली जाते.

घटना समितीसुद्धा थेट निवडून आलेली नव्हती. प्रांतिक असेंब्लींच्या सदस्यांनी जुलै १९४६ मध्ये तिचे सदस्य निवडले. मोठ्या लोकांची ही सभा स्वतःसारखीच दुसरी सभा निर्माण करू शकली असती. तसे सुचवणारेही होते. ग्रामपंचायतींनी तालुक्याला, तालुक्याने जिल्ह्याला आणि असे वर चढत दिल्लीपर्यंत प्रतिनिधी पाठवावेत, हा गांधीविचारातला आराखडा अनेकांना प्रिय होता. खुद्द समितीचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी १९४८ मध्ये घटना सल्लागार बी. एन. राव यांना पत्र लिहून गाव हा पाया धरण्याची कल्पना मांडली होती. खालच्या सभागृहांसाठी थेट निवडणूक हे आता ठरलेले आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. गावचा आराखडा कागदावर गोड दिसतो. पण गावात पंच कोण असतो हे दलितांना आणि आपल्याला वेगळे सांगायला नको.

वेगळे मतदारसंघ ऑगस्ट १९४७ मध्येच गेले. मद्रासचे बी. पोकर साहेब ते टिकावेत म्हणून बोलले, पण समितीने ऐकले नाही. धर्माच्या आधारावरच्या राखीव जागा मे १९४९ मध्ये गेल्या. तेव्हा त्या सोडून द्याव्यात असे म्हणणाऱ्यांत बेगम एजाज रसूल होत्या. राखीव जागा हे अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडणारे, स्वतःवरच उलटणारे हत्यार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याशी कुणाचे मतभेद असू शकतात. पण आपल्या वतीने तिथे कुणीच विचार केला नाही, असे मात्र म्हणू नये.

अखेर जे ठरले ते तीन कलमांत आहे. कलम ८१ सांगते, लोकसभेचे सदस्य थेट निवडणुकीने येतील. कलम ३२६ सांगते, प्रत्येक प्रौढाला मत. तेव्हा वयाची अट २१ होती, १९८९ पासून ती १८ झाली. आणि मधले कलम ३२५ सांगते, प्रत्येक मतदारसंघाची सर्वांसाठी एकच यादी असेल आणि धर्म, वंश, जात, लिंग या कारणाने कुणालाही तिच्यातून वगळता येणार नाही. मी बीएलओ म्हणून जी यादी पिशवीत घेऊन फिरत होते, ती हीच यादी. तिच्यात पाटील आणि पठाण एकाखाली एक येतात.

ही यादी राज्यघटना लागू होण्याच्या आधीच तयार होऊ लागली होती, आणि तीही फाळणीच्या धुमाळीत. घरदार सोडून आलेल्या निर्वासितांकडे कागद कुठून असणार? आम्ही इथेच कायम राहणार आहोत, एवढ्या निवेदनावर त्यांची नावे घेतली गेली. कागद नाही म्हणून माणूस नाही, असे त्या काळच्या कारकुनांनी म्हटले नाही. आजच्यांनी हे लक्षात ठेवावे.

पण एका ठिकाणी अडले. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान अशा भागांत लाखो बायकांनी आपले नावच सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच लिहून आले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की अशी नोंद चालणार नाही, मतदाराला स्वतःचे नाव हवे. नाव देण्यासाठी मुदत वाढवून दिली, तरी सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गेली. तो निर्णय कठोर होता. त्या पहिल्या निवडणुकीत त्या बायकांचे नुकसानच झाले. तरीही मला तो बरोबर वाटतो. 'रफीकची आई' मत द्यायला लागली तर ते रफीकचे दुसरे मत होते.

२५ ऑक्टोबर १९५१ रोजी, बर्फ पडायच्या आधी, हिमाचलच्या चिनी तालुक्यात मतदान सुरू झाले. तिथे पहिल्या मतदारांत श्याम सरन नेगी होते, पेशाने शाळामास्तर. १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत हे मतदान चालले. यादीत १७ कोटींहून जास्त मतदार, लोकसभेच्या जागा ४८९. शंभरातल्या जेमतेम अठरा लोकांना वाचता येत होते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. वाचता न येणाऱ्याला मत नाकारण्याऐवजी पेटीच त्याला वाचता येईल अशी केली. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुले हसतात. मग त्यांना कळते की हसण्यासारखे यात काही नाही. त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून खुद्द डॉ. आंबेडकर हरले. आपल्याला दुःख होते, व्हायलाच हवे. पण राज्यघटना लिहिणाऱ्यालाही मतदाराच्या दारात जावे लागले आणि निकाल मानावा लागला.

मधला माणूस राहिला तर काय होते, हे पाहायला फार लांब जायला नको. अमेरिकेत १९१३ पर्यंत सिनेटर राज्यांचे आमदार निवडत असत. आमदारांची भांडणे मिटेनात म्हणून डेलावेअर राज्याच्या सिनेटमधल्या दोन्ही जागा १९०१ ते १९०३ रिकाम्या राहिल्या. इलिनॉयचे लॉरिमर यांची निवड लाचलुचपतीमुळे १९१२ मध्ये सिनेटने रद्द केली. पुढच्याच वर्षी सतरावी घटनादुरुस्ती झाली आणि मत लोकांकडे आले. आणि आपल्याकडे? राज्यसभा आणि विधान परिषदेच्या मतदानाआधी आमदारांना हॉटेलात का ठेवतात? मतदार थोडे असले की मोजता येतात, आणि मोजता आले की भाव ठरतो.

आता आपल्या मोहल्ल्याकडे येते. इथे माझ्यावर एक आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. थेट मतदानाने आपल्याला मिळाले काय? १९८० मध्ये लोकसभेत ४९ मुस्लिम खासदार होते, २०२४ मध्ये २४ आले. २०११ च्या जनगणनेत आपण १४.२ टक्के होतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रातून एकही मुस्लिम खासदार झाला नाही. पक्ष तिकीट देत नाहीत आणि दिले तर हरणारी जागा देतात. हा अन्याय आहे, आणि त्याबद्दल पक्षांना जाब विचारलाच पाहिजे.

पण हा अन्याय दूर करायला गल्लीतला ठेकेदार कामाचा नाही. उलट त्याच्यामुळेच पक्षांचे फावते. चारशे लोकांशी बोलण्यापेक्षा एकाशी बोलणे स्वस्त पडते. तो एक जण 'अपील' काढतो, एखाद्या जुम्म्याला कुणाकडून तरी ते वाचून दाखवतो, आणि मोहल्ल्याचा हिशेब मिटला. उमेदवार दारात येत नाही, कारण त्याला यायची गरजच उरत नाही. आणि पलीकडच्या वस्तीत सांगायला सोपे होते, 'बघा, ते गठ्ठ्याने मत देतात, तुम्हीही द्या.' आपल्या ठेकेदाराने आपल्या विरोधकांनाही माल पुरवला.

एक उदाहरण देते. अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची केंद्राची शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली. मी वर्षानुवर्षे ते फॉर्म भरले आहेत, उत्पन्नाचे दाखले आणि बँकेची खाती यांच्यामागे आयांना घेऊन धावले आहे. रक्कम लहान होती, पण त्यात वह्या, दप्तर निघत होते. ती बंद झाली तेव्हा माझ्या गल्लीतून खासदाराला किती पत्रे गेली? माझ्या माहितीत एकही नाही. ठेकेदाराने विचारले नाही, कारण शिष्यवृत्ती हा त्याचा विषय नव्हता. त्याचे विषय म्हणजे गटार, कमान आणि निवडणुकीच्या आदल्या रात्रीची पाकिटे. आणि आपण विचारले नाही, कारण विचारायचे काम त्याचे, असे आपण धरून चाललो होतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. शिकलेल्या मित्रांनो, अंगठा लावणाऱ्याच्या मतावर अट घालण्याची भाषा सोडा. ती साहेबाची भाषा आहे, १९३५ सालची. मोहल्ल्याच्या पुढाऱ्यांनो, नेतृत्व जरूर करा. सभा घ्या, पटवून सांगा, तुम्ही स्वतः उभे राहा. पण 'चारशे वोट माझे' म्हणू नका. ते तुमचे नव्हेत. आणि घरातल्या पुरुषांनो, बायको कुणाला मत देते हे तिला विचारू नका. तिने सांगितले तर ऐका.

आपण सगळ्यांनी आधी यादी बघावी. आपली नावे मराठीत लिहिताना अब्दुलचा 'अ.' होतो, झुबेदाची जुबेदा होते, कुठे 'बी' गळते तर कुठे 'शेख' दोनदा येते. एका अक्षराने पुढे किती त्रास होतो हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. नाव नसेल तर नमुना ६ भरा, चुकले असेल तर नमुना ८. नाव कापण्यासाठी कुणी नमुना ७ दिला असेल तर नोटिशीला उत्तर द्या, दुर्लक्ष करू नका. हे काम ठेकेदाराकडे सोपवू नका. पोस्ट टाकण्याआधी हे करा.

त्या खालाकडे मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिची नात घरी होती. नातीने दादीचे आधार कार्ड शोधून आणले आणि त्यावरचे नाव मोठ्याने वाचले. खाला लाजली. म्हणाली, या नावाने मला माहेरानंतर कुणी बोलावलेच नाही. मी फॉर्मवर ते नाव लिहिले, तिने त्याखाली अंगठा उठवला. मतदानाच्या दिवशी ती रफीकच्या आधी रांगेत उभी होती. मत कुणाला दिले ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचे मला कारणही नाही.